इंजिन कोणी बसवलं

रविवारी दुपारी बाबा बॉनेटखाली वाकले होते आणि मी गाडीच्या खाली, खड्ड्यात उभी होते.

खड्डा आजोबांच्या मागाचा. खड्डामागावर विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. त्या पायांसाठी हा खड्डा. पवनीतल्या आमच्या मागशाळेत असे चार होते. माग बंद पडले, विकले गेले, तेव्हा तीन खड्डे आईनं मुरूम टाकून बुजवून घेतले. चौथा बाबांनी राखला. तो खोल केला, लांबीला चार हात वाढवला, कडांना फरशी लावली आणि त्यावर आजोबांची शहाऐंशी सालची अॅम्बेसेडर आणून उभी केली. गोपाळराव सोनकुसरे जिथे बसून आयुष्यभर साड्यांचे काठ विणत होते, तिथे त्यांची नात गिअरबॉक्सचा बोल्ट आवळत होती.

"किती फिरला?" बाबांनी वरून विचारलं.

"अर्धा फेरा."

"मंग बस. जास्त आवळशीन तर आटे जातीन. मायवर गेली तू, हातात लय जोर."

"आई कुठे बोल्ट आवळते?"

"बोल्ट नाई. मले आवळते ना."

इंजिन बदलून तीन वर्षं झाली होती. मूळचं इंजिन आतून तडकलं, तेल आणि पाणी एक होऊ लागलं, तेव्हा लाखांदूर रोडच्या टेकचंद मिस्त्रीनं सांगितलं होतं, "भाऊ, आता भंगारात द्या." बाबांनी भंगारातूनच दुसरं आणलं. नागपूरला एक अॅम्बेसेडर तुटत होती, हीच गाडी, पण शेवटच्या काळात बनलेली. तिचं इंजिन जपानी घडणीचं, गिअरबॉक्स पाच गिअरचा. गाडीचं नाव तेच. बाकी इंजिनाचे पाय टेकायच्या जागा, लांबी, सगळं वेगळं. खालचा आडवा बीम मागे सरकवावा लागला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून आखूड करून घ्यावा लागला. ताकद वाढली तर थांबवणंही वाढायला हवं, म्हणून पुढच्या चाकांना त्याच तुटलेल्या गाडीचे ब्रेक बसवायचे, हा माझा हट्ट. बाबा महिनाभर कुरकुरले आणि मग स्वतःच ते ब्रेक घेऊन आले.

टेकचंद दोनदा आला. एकदा त्याच्या साखळीनं इंजिन उचलायला, एकदा वेल्डिंगला. बाकी सगळं बाबांनी आणि मी केलं. मी भंडाऱ्याला कॉलेजात ग्रंथपाल आहे. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचं आणि सोमवारी सकाळी परत जायचं, असे अकरा महिने. पुस्तकं मी शोधली, पुठ्ठ्याचे नमुने मी कापले. इंजिन आणि मागचा एक्सल एका रेषेत आहे की नाही, हे कळायला मात्र बाबांनी विणकराचा उपाय काढला. गाडीच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत ताण्याचं सूत ताणून बांधलं आणि इंजिन त्या सुतावर आणलं. मी खड्ड्यातून पट्टीनं मोजत होते. इंजिन तीन सूत, म्हणजे जवळजवळ सेंटिमीटरभर, डावीकडे होतं. ते सरकवायला दोन रविवार गेले.

त्याच वर्षी मला पाहायला तुमसरचे पाहुणे आले होते. आईनं आदल्या दिवशी माझी नखं लिंबानं घासली. काळं निघेना, तेव्हा तिनं लाल रंग लावला. त्या दिवशी गाडीकडे बोट दाखवून पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा बाबांनी इंजिन टेकचंदच्या नावावर घातलं. स्थळ जमलं नाही. नाव मात्र तसंच राहिलं.

"हेमराजभाऊ! आहे का घरी?" दारातून कैलाशभाऊंचा आवाज आला. गल्लीतलेच, वॉर्डातल्या प्रत्येक भांडणात त्यांना बोलावतात.

बाबा खाली वाकले. "रुचू, जरा अंदरच राय."

मी राहिले. मला चार पायच दिसत होते, बाबांच्या चपला आणि कैलाशभाऊंचे बूट.

"सुरू करा बरं, आवाज आयकू द्या. वा! शिलाई मशीन आहे का मोटर? कोनं बसवलं होतं जी इंजन?"

"टेकचंदनं."

"मानलं पायजे बुड्याले. माह्या जीपचं बी त्याच्याच हातून करून घेतो."

"घ्या ना. चांगला हात आहे त्याचा," बाबा म्हणाले.

ते गेल्यावर मी वर आले. बाबांनी हात पुसायला फडकं पुढे केलं.

"चिडली का वं?"

"नाही."

"लोकाइले कायले सांगत बसाचं. उगाच..."

उगाच काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईनं आतून चहाला हाक मारली. चहाबरोबर मुरमुऱ्यांचा चिवडा होता, आणि त्यात शेंगदाणे कमी पडले म्हणून बाबांनी आईला दोन टोमणे मारले. तो दिवस एवढाच.

*

सोमवारी सकाळी आठला बाबांनी मला स्टँडवर सोडलं आणि ते आसगावकडे गेले. माग विकल्यापासून ते दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या विकायचे; तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या घरी लग्नाच्या दोन साड्या पोचवायच्या होत्या. परत येताना, नऊ चाळीसला, आसगावच्या फाट्याजवळ रेतीच्या भरल्या टिप्परनं त्यांच्या गाडीला मागून धडक दिली.

मी भंडाऱ्याच्या एसटीत, अड्याळच्या पुढे होते. फोन प्रविणचा आला. प्रविण माझ्या काकाजींचा, बाबांच्या भावाचा, मुलगा. तो टिप्पर ज्यांचा, त्या भुपेंद्रभाऊंच्या सगळ्या टिप्परांचं काम तोच पाहतो. ड्रायव्हरनं आधी त्याला फोन केला. त्यानं मला. पोलिसांना कोणी आणि केव्हा कळवलं, ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही. फाट्यावर चहाची टपरी आहे. तिथल्या बाईंनी काहीच पाहिलं नाही. त्यांच्या टपरीवर दिवसाला तीसचाळीस टिप्पर थांबतात.

मुलगा नाही म्हणून अग्नी प्रविणनं दिला. मी मडक्याला हात लावायला पुढे झाले, तर कोणीतरी मला खांद्याला धरून मागे घेतलं. हात मऊ होता, रागाचा नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला.

आठव्या दिवशी मी ठाण्यात गेले. गाडी आवारात उभी होती. मागचा भाग पुढच्या सीटपर्यंत आला होता. पुढून मात्र एक ओरखडा नव्हता. ड्रायव्हरचं म्हणणं लिहून घेतलेलं होतं. जुनी गाडी रस्त्याच्या मधोमध इंजिन जाम होऊन एकाएकी थांबली, मला ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं होतं. गाडीतल्या इंजिनाचा नंबर आरसी बुकातल्या नंबरशी जुळत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की वाचणाऱ्याला तिसरं आपोआप सुचतं.

बाबांचा चष्मा गाडीत राहिला आहे, असं सांगून मी दार उघडलं. गिअर न्यूट्रलला होता. हँडब्रेक वर ओढलेला होता. चालती गाडी बंद पडली तर माणूस आधी हँडब्रेक ओढून मग मरत नाही.

मग बॉनेट उघडलं. पर्समध्ये पाना होता. पुढच्या पुलीच्या नटाला लावून मी जोर दिला. जरा अडलं, मग सुटलं. पुन्हा अडलं, पुन्हा सुटलं. चारही सिलिंडर एकामागून एक दाबले जाऊन सुटत होते. जाम झालेलं इंजिन दोन माणसं पान्याला लोंबकळली तरी हलत नाही. हे मी एका हातानं दोन फेरे फिरवलं.

"मॅडम," मागून हवालदार म्हणाला, "तुमचे वडील चष्मा बॉनेटात ठेवत होते का जी?"

"कधी कधी," मी म्हणाले.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझे हात स्वतःच्या हातात घेतले, उलटे केले, नखं पाहिली.

"हे कोनाले सांगू नको," ती म्हणाली.

*

तेरवीच्या दिवशी जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, आणि पुरुष मंडळी सपरीत, पुढच्या पडवीत, बसली. आमच्याकडे तेरवीला मुलाला दुपट्टा बांधतात. आता घरचा कर्ता तू, असा त्याचा अर्थ. दुपट्टा प्रविणला बांधला. मुंडन केलेल्या डोक्यावर तो पुन्हा पुन्हा घसरत होता आणि उषाआत्या, बाबांची आणि काकाजींची बहीण, तो पुन्हा पुन्हा सारखा करत होती. प्रविणनं मान खाली घातलेली होती. तो वाईट मुलगा नाही. लहानपणी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत यायचा. तेरा दिवस त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

काकाजींनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून टाइप केलेला कागद काढला.

"वहिनी, जरा इकडे या. आता समदे आहेतच, तर हेही काम आटपून टाकू. पोलिसाचं रोजचं येनंजानं बंद होईन."

"काय आहे?" आईनं दारातून विचारलं.

"काही नाई, लिहून द्याचं आहे. भाऊनं गाडीत दुसरं इंजन बसवलं होतं, परवानगी घेतली नोहोती, घरच्याइले माईत नोहोतं. ते रस्त्यात जाम झालं. आमची कोनाबद्दल तक्रार नाई. एक सही तुमची, एक प्रविणची."

"घरच्याइले माईत नोहोतं?" मी विचारलं.

"तू मधात बोलू नको, बेटा. लिहाची पद्धत असते ती."

"तुमी त्याच गाडीत बसून प्रविणची वरात नेली होती, काकाजी. मांगच्या उन्हाळ्यात. लाखांदूरले."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. काकाजींनी चष्मा काढून पुसला.

काकाजींच्या बाजूनंही पाहायला हवं. ते दगड नाहीत. अंत्ययात्रेत ते दोनदा खाली बसले होते. पण त्यांना एकच मुलगा. बारावीनंतर सहा वर्षं घरी बसलेला. भुपेंद्रभाऊंकडे लागला, मोटरसायकल आली, लग्न झालं, सून आता पाचव्या महिन्यात. टिप्पर जप्त झाला, परवाने तपासले गेले, कोणी खोदत गेलं की रेती कुठून आणली, रात्री कोण पाठवत होतं, तर पहिलं नाव प्रविणचं. भाऊ तर गेलाच. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार? हा विचार करताना त्यांना स्वतःची लाज वाटली असेल. पण लाज वाटूनही माणसं कागद टाइप करून आणतात.

आणि एक गोष्ट त्यांना आठवत नव्हती, किंवा आठवायची नव्हती. गाडी आजोबांच्या नावावर होती. आजोबा जाऊन सोळा वर्षं झाली, तरी आमच्या घरात विमा, पत्रं, सगळं मयत माणसाच्या नावानं सुरळीत चाललं होतं. इंजिनाचा नवा नंबर चढवायचा तर आधी गाडी बाबांच्या नावावर यायला हवी होती, आणि त्यासाठी काकाजींची आणि आत्याची संमतीची सही. बाबांनी फॉर्म आणला. इंजिनाचं बिल त्याला टाचलं. बाबा तो फॉर्म घेऊन काकाजींकडे किती वेळा गेले, हे मला माहीत आहे; कारण दर वेळी परत आल्यावर ते सरळ मागशाळेत जायचे आणि काही न करता गाडीत बसायचे. काकाजी म्हणायचे, पाहू, दिवाळीनंतर पाहू. सही दिली म्हणजे हिस्सा सोडला, असं काकूंचं म्हणणं. जिचा हिस्सा मागायचा, ती गाडी त्या वेळी किलोच्या भावानंसुद्धा कोणी घेतली नसती.

"आनी खाली एक ओळ आहे," काकाजी म्हणाले. "इंजन टेकचंद मिस्त्रीनं बसवलं. ते लिहावंच लागते. कोनी ना कोनी बसवलंच असन ना. टेकचंद, ये बाबू, पुढं बस."

टेकचंद कोपऱ्यात, चपलांजवळ बसला होता. सत्तरीचा माणूस. तो सरकत पुढे आला.

"तूच बसवलं ना इंजन?"

टेकचंदनं आधी बाबांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो जी. मीच समजा."

"समजा म्हनजे? बसवलं का नाई?"

"हेमराजभाऊ तसंच सांगत व्हते ना सगळ्याइले. मंग तसंच. भाऊचा सबूद मी कायले मोडू?"

"बरोबर फिट केलं नोहोतं का मंग?" कैलाशभाऊंनी विचारलं. ते लबाडीनं बोलत नव्हते. त्यांना खरंच नवल वाटत होतं. "आवाज तर लय चांगला होता बापा."

"चांगलं असतं तर जाम कायले झालं असतं?" काकाजी म्हणाले.

टेकचंदनं हात जोडले नाहीत, नाही म्हटलं नाही. पन्नास वर्षं या माणसानं पवनीच्या अर्ध्या गाड्या चालत्या ठेवल्या. उद्यापासून त्याच्या नावापुढे लोक म्हणतील, तोच ना, ज्याच्या इंजिनानं हेमराज मेला? आणि तो मान हलवत होता, बाबांचं एक खोटं सांभाळायला.

"काकाजी, सही झाली नाई म्हणून नंबर चढला नाई," मी म्हणाले. "फॉर्म कपाटात आहे. आणू?"

"कोनता फॉर्म?"

आत्याचा हात प्रविणच्या दुपट्ट्यावर थांबला. सकाळपासून ती आईला म्हणत होती, सही करून टाक वहिनी, पोलिसाच्या भानगडीत पोरीचं नाव कायले. आता ती काकाजींकडे वळली.

"तो फारम होय, धर्मेंद्र. निळ्या शाईचा ठप्पा होता त्याच्यावर. मी माह्या घरी सही करून देल्ती त्याले. चा बी नाई घेतला त्या दिवशी त्यानं, म्हणे धर्मेंद्रकडे जाऊन येतो, आज नक्की करते तो."

"आत्ता तो विषय नाई, बाई."

"मंग कोनता आहे? तू सही नाई केली म्हणून ते बिनापरवान्याचं झालं, आनी आता तूच लिहून राहिला का परवाना नोहोता म्हणून? माह्या भावाले मेल्यावर चोर करता का रे?"

"चोर कोन म्हनलं? तू बायकाइत बस बरं."

"नाई बसत."

सपरीत एकदम सगळे बोलू लागले. कोणी म्हणालं, जिवंत माणसाचं पाहा. पोट्ट्याची नोकरी जाईन. कोणी म्हणालं, भुपेंद्रभाऊ चांगला माणूस आहे, सांभाळून घेईन. तेरवीचं जेवण जेवलेली माणसं पान खात बाबांचा गुन्हा किती मोठा धरावा, ते ठरवत होती. पान आईनं लावलेलं होतं.

*

आई या वेळात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिनं मला नंतर, पंधरा दिवसांनी, तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

ती म्हणाली, मला त्यातलं एकच वाक्य ऐकू येत होतं. इंजिन टेकचंद मिस्त्रीनं बसवलं. बाकी कागदावर काय लिहिलंय, त्याचं मला काही नव्हतं. नवरा गेला होता. त्याला चांगलं म्हणा, वाईट म्हणा, तो काही उठून यायचा नव्हता. पण पोलिसांनी विचारलं, कोणी बसवलं, आणि उत्तर तुझं नाव निघालं तर? परवाना नाही, नंबर नाही, आणि पोरीच्या हातचं इंजिन. तुला ठाण्यात बोलावलं असतं. कॉलेजात कळलं असतं. मी ठरवलं होतं, सही करायची. टेकचंद म्हातारा आहे, त्याला लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. देवाला मी मनात हात जोडले, टेकचंदलाही जोडले, आणि पेन मागितलं.

पेन तिनं खरंच मागितलं. आवाज स्थिर होता.

"शाब्बास, वहिनी," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज सुटला, मोठं ओझं उतरल्यासारखा. "इथं. हे इथं."

"आई, थांब."

"तू चूप राय, रुचू." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुले काई समजत नाई."

"इंजिन जाम नोहोतं झालं. हँडब्रेक ओढलेला आहे. गिअर न्यूट्रलले आहे. गाडी बाजूले उभी होती. प्रविण, तू तर माह्या आधी पोचला होता तिथं. तू नाई पाह्यलं?"

प्रविण दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"अवो, धडकीनं हँडब्रेक वर आला असन," कोणीतरी म्हणालं.

"धडकीनं तो वर जात नाही, हातानं ओढावा लागतो. दात असतात त्याला." मला भान आलं की मी कॉलेजातल्या भाषेत बोलू लागले आहे. "आनी इंजिन मी हातानं फिरवून पाह्यलं. ठाण्यात जाऊन. फिरते ते."

काकाजी हसले. खरं हसू नव्हतं, पण हसले. "तू फिरवलं? हे पाहा, बेटा. तुह्या बापाचं दुख आहे, आमाले समजते. पन तू पुस्तकं सांभाळनारी. इंजनातलं तुले काय समजते वं? कोन्या पुस्तकात वाचलं असन, आनी..." त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचेही हसले, सुटका झाल्यासारखे. कैलाशभाऊ हसले. टेकचंद हसला नाही. तो मान खाली घालून फरशीकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

आईनं पेनचं टोपण काढलं.

मी चिडले होते हे खरं, पण काकाजींवर कमी. ते जे म्हणत होते ते त्यांना कोणी शिकवलं होतं? तीन वर्षं त्यांनी जे ऐकलं तेच ते बोलत होते. ते हसले, कारण हसण्यासारखंच होतं. बाबांनी जगाला दिलेल्या हिशेबात मी कुठेच नव्हते, म्हणून हँडब्रेकबद्दल बोलायचा हक्कही मला नव्हता. आणि उलट कोपऱ्यातला म्हातारा, ज्यानं एकदा साखळी आणली आणि एकदा वेल्डिंग केलं, तो सगळ्या इंजिनाचा मालक होऊन बसला होता.

मी उठले. सपरीत बायका पुरुषांमधून चालत जात नाहीत, म्हणून मला वाट कोणी दिली नाही. मी पायांवरून ओलांडत गेले. आईच्या हातातलं पेन काढून घेतलं. ती ते सोडेना. आम्ही दोघी क्षणभर एका पेनाला धरून उभ्या होतो, सगळ्यांसमोर.

"सोड, आई."

"रुचू, नको." अगदी हळू. "मी पाया पडतो तुह्या."

"टेकचंदकाकानं नाई बसवलं," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याइनं उचलून देलं आनी वेल्डिंग केलं. बसवलं मी. बाबानं आनी मी. बीम मी मोजला, सूत मी धरलं, एकूणएक बोल्ट माह्या हातचा आहे. चुकलं असन तर माहं चुकलं. माहं नाव लिहा. पन चुकलं नोहोतं. मी फिरवून आली."

टेकचंद उठून उभा राहिला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं. काकाजींनी आईकडे पाहिलं, हे खोटं आहे असं ती म्हणेल या आशेनं.

आईचा हात पेनावरून सुटला.

"तिनंच बसवलं," ती म्हणाली. "अकरा महिने माह्या घरची साबन संपत होती."

काकाजींनी कागद हळूहळू दुमडला. "मंग हेमराज कायले टेकचंद टेकचंद करत होता?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच तो प्रश्न डावपेचाचा नव्हता. भावाला भावाबद्दल पडलेला होता. "सांगत कायले नोहोता तो?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. पण ते काकाजींना देण्यात अर्थ नव्हता. तेरा दिवस मी फोटोच्या बाजूनं जाताना मान वळवून जात होते. आता वळवली नाही. बाबांच्या कपाळावर कोणीतरी गंध जरा तिरपं लावलं होतं, डावीकडे.

"बाबा," मी म्हणाले, "तुमी मले लपवलं. तुमाले वाटत होतं, मले काही वाटत नाई. मले लय राग येत होता. दर वेळी. मी कधी बोलली नाई. आता बोलून राहिली."